ती सल्ला देत नाही, नुसती विचारत राहते

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी ३८ वर्षांची, पंचवटीत राहते. नवरा अंबडला कंपनीत, मुलगा सातवीत. दीड वर्षापूर्वी द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर अडकले असताना एकदम छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या. आता आपण संपलो, असं वाटलं. तेव्हापासून असं बारा-तेरा वेळा झालं. दोनदा रात्री कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी, टूडी इको, टीएमटी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. आता मी द्वारकेवरून जातच नाही. नाशिकरोडला माहेरी जायचं तर नांदूर नाक्यावरून, जेलरोडने जाते. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि सॉर्बिट्रेटची (हृदयाच्या दुखण्यावरची) गोळी कायम असते. शेवटी फिजिशियननी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. गंगापूर रोडला जाते, तीन सेशन झाली. मुलगी जेमतेम तिशीची, लग्न झालेलं नाही. गोळी देत नाही, सल्ला देत नाही, नुसती विचारते आणि लिहून घेते. वडिलांच्या मृत्यूबद्दल विचारलं तेव्हा मला रागच आला. (वडील हे सगळं सुरू होण्याच्या दोन महिने आधी हार्ट अटॅकने गेले. फोन आल्यावर निघाले होते, द्वारकेलाच अडकले, पोचायला उशीर झाला.) मागच्या रविवारी ती सोमेश्वरला दिसली, तर ओळखसुद्धा दाखवली नाही. नवरा म्हणतो, बोलायचेच पैसे द्यायचे तर माझ्याशी बोल. नणंदेच्या ओळखीचे एक माइंड कोच तीन बैठकांत भीती मुळापासून काढायची हमी देतात. हिचं शिक्षण नेमकं काय, ती नीट उपचार करतेय का, हे कसं ओळखायचं? तिलाच विचारलं तर बरं दिसेल का? की सोडूनच देऊ?

प्रिय ताई,

‘सोडून देऊ का’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी त्याच्या आधीचा प्रश्न पहिल्यांदा घेते, कारण मला वाटतं तुमचं घोडं तिथेच अडलंय. तिलाच विचारलं तर बरं दिसेल का?

दिसेल. विचाराच. आपल्याकडे डॉक्टरला ‘तुमचं शिक्षण काय’ असं तोंडावर विचारायची पद्धत नाही, पाटीवरची अक्षरं वाचायची आणि नंबर लावून बसायचं. पण आमच्या क्षेत्रात पाटीवरून फारसं कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, थेरपिस्ट, कोच हे सगळे शब्द लोकांच्या तोंडी एकच होऊन गेलेत, आणि त्यामागची शिक्षणं मात्र जमीन-अस्मानाइतकी वेगळी आहेत. मी स्वतः क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, या कामात पंचवीसएक वर्षं आहे. ‘तुम्ही काय शिकलात, कुठे शिकलात, माझ्यासारख्या किती जणांबरोबर काम केलंत’ असं कोणी विचारलं तर मला बरंच वाटतं. समोरचा माणूस स्वतःची काळजी घेतोय, हे त्यातून दिसतं. नीट शिकलेली बाई या प्रश्नाने दुखावत नाही. दुखावली, तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

आता शिक्षणाचं सांगते. गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते आधी एमबीबीएस होतात, मग त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वैद्यकीय डॉक्टर नसतात, म्हणून त्या गोळ्या देत नाहीत. तुम्हाला गोळी मिळाली नाही यात काही कमी राहिलेलं नाही, ते त्यांचं कामच नव्हे. त्यांचा रस्ता असा: मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., मग दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., तीही रुग्णालयात, रुग्णांमध्ये, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. म्हणजे बारावीनंतर किमान सात वर्षं. आपल्या देशात हे शिक्षण १९५५ साली बंगळुरूच्या ज्या संस्थेत सुरू झालं, ती आज निम्हान्स म्हणून ओळखली जाते. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि पास झालेल्यांची नोंद ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कोणाला म्हणायचं याची व्याख्याच दिली आहे. तुम्ही एवढंच विचारा: ‘तुमचा आरसीआय नोंदणी क्रमांक काय?’ परिषदेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवी बंद होतेय आणि अभ्यासक्रमांची नावं बदलताहेत, त्यामुळे पदवीच्या नावापेक्षा नोंदणीवर भर द्या.

हे वाचून समुपदेशक म्हणजे कमी दर्जाचे, असं मात्र समजू नका. मानसशास्त्रात एम.ए. करून, वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे शिकत राहून फार चांगलं काम करणारे समुपदेशक मी या शहरात पाहिलेत. अडचण एवढीच की त्यांच्यासाठी आजवर एक पक्कं नोंदणीपत्रक नव्हतं. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने ती व्यवस्था आता उभी राहतेय. तोवर त्यांच्याकडे जाणाऱ्याने शिक्षण आणि देखरेख या दोन गोष्टी जरा जास्त बारकाईने विचाराव्यात.

पण ताई, तुमची खरी तक्रार पदवीची नाहीच. ती सल्ला देत नाही, ही आहे. आणि सल्ला देते ती चांगली, हे तुम्ही मनात धरून चाललाय. यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय.

माझ्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागाच्या वर एक लहान खोली होती, एक टेबल आणि एक टेपरेकॉर्डर. एका बाईंची परवानगी घेऊन मी त्यांच्याबरोबरचं सेशन टेप केलं होतं आणि आमच्या मॅडमना ऐकवत होते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला मॅडमनी बटण दाबलं. टेपवर त्या बाई म्हणाल्या होत्या, ‘सासूबाई गेल्यापासून मला झोप नाही.’ आणि मी लगेच, ‘दुपारची झोप बंद करा, संध्याकाळनंतर चहा नको.’ मॅडमनी विचारलं, ‘त्या झोपेबद्दल सांगत होत्या की सासूबाईंबद्दल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेप मागे नेऊन पुन्हा लावली. माझं वाक्य सुरू होण्याच्या अगदी आधी त्या बाईंनी श्वास घेतलेला ऐकू येत होता. त्यांना पुढे काहीतरी म्हणायचं होतं. मी चहाचं बोलले आणि ते तिथेच राहिलं. पुढची दोन सेशनं त्या चहाबद्दलच बोलत राहिल्या, कारण मी त्यांना तोच विषय दिला होता.

मला नोंदणी क्रमांक त्यानंतर मिळाला, पण शिकले मी त्या खोलीत. आमच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग हाच असतो: पटकन सल्ला द्यायची सवय मोडणं. सल्ला द्यायला तुमच्याकडे आई आहे, नणंद आहे, शेजारच्या काकू आहेत, आणि ‘घाबरू नकोस’ हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत शंभर वेळा मिळालाही असेल. तुमची गंगापूर रोडची मुलगी लिहून घेते, विचारते, कारण तुमचा आजार तुमच्याच बाबतीत का चिकटून बसलाय याचा नकाशा ती आधी तयार करतेय. आम्ही त्याला फॉर्म्युलेशन म्हणतो. पहिली दोन-चार सेशनं बहुधा त्यातच जातात. हे ती तुम्हाला सांगायला विसरली असेल, तर ती तिची चूक. तुम्ही तिला म्हणा, ‘आपण आत्ता काय करतोय आणि पुढे काय करणार, ते मला एकदा सांगा.’

निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, पत्रावरून मी करणार नाही. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन पॅनिक अटॅकचं, भीतीच्या झटक्याचं आहे, आणि तसं असेल तर त्यावर काम कसं चालतं ते सांगते. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी एक साधी मांडणी केली. छातीत जरा धडधडलं. मनाने त्याचा अर्थ लावला: हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने धडधड वाढली, श्वास जोरात व्हायला लागला. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं. मग ‘बघ, म्हणजे खरंच काहीतरी झालंय.’ असं हे चक्र फिरत राहतं. झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो. तो कधीही कायम राहत नाही, राहूच शकत नाही. पण ओसरायच्या आत तुम्ही बाटली काढता, गोळी चाचपता, गाडी वळवता, आणि मन नोंद करतं की गोळी होती म्हणून वाचलो, नांदूर नाक्याने गेलो म्हणून वाचलो. त्यामुळे जिवाला धोका नव्हताच, हे मनाला कधी कळतच नाही.

त्या सॉर्बिट्रेटबद्दल तुमच्या फिजिशियनशी या आठवड्यातच बोला. त्या गोळीने रक्तदाब उतरतो, चक्कर येऊ शकते. हृदयाचा आजार नसलेल्या माणसाने घाबरून ती घेतली तर नव्या घाबरण्याला निमित्त मिळतं. आणि हेही लक्षात ठेवा: चालताना, जिना चढताना छातीवर दाब आला, दुखणं जबड्याकडे किंवा हातात उतरलं, घाम फुटला, नेहमीच्या झटक्यापेक्षा वेगळं काही वाटलं, तर ‘माझं मनाचंच आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी पद्धत, जिची पायाभरणी आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात केली, ती या चक्रावर थेट काम करते आणि पॅनिकसाठी तिचा चांगला अभ्यास झालेला आहे. साधारण दहा-पंधरा सेशनं धरून चाला. त्यात नुसतं बोलणं नसतं. माझ्या खोलीत एका डब्यात सरबताच्या बारीक नळ्या आहेत. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलेलं असेल, तर तयारी झाल्यावर मी समोरच्या माणसाला नाक धरून एक मिनिट त्या नळीतून श्वास घ्यायला सांगते. मीही बरोबर घेते. तिसाव्या सेकंदाला त्यांचे डोळे मोठे होतात, ‘तसंच होतंय मॅडम, अगदी तसंच.’ मग नळी काढायची आणि काही न करता बसून राहायचं. पाणी नाही, गोळी नाही. दोन-तीन मिनिटांत सगळं आपोआप उतरतं, आणि ते माणूस स्वतःच्या अंगात बघतं. एक रिक्षावाले दादा पाचव्या वेळी नळी टाकून म्हणाले होते, ‘हेच होतं होय ते?’ हे तुम्ही घरी एकटीने करून बघू नका, ते तिच्याबरोबरच करायचं. मला दाखवायचं होतं ते एवढंच, की या उपचारात शिकलेल्या हाताचं काम असतं.

सगळे सायकॉलॉजिस्ट एकाच पद्धतीने काम करत नाहीत. कोणी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, कोणी कार्ल रॉजर्स यांच्या वळणाने ऐकून घेण्यावर जोर देऊन, कोणी लहानपणापासूनची नाती उलगडत. बरेच जण समोरच्याच्या गरजेप्रमाणे त्यांची सांगड घालतात. म्हणून तिला विचारायचा दुसरा प्रश्न: ‘माझ्या त्रासासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरणार, आणि तीच का?’ पाच मिनिटांत, साध्या मराठीत, तुम्हाला समजेल असं उत्तर तिला देता आलं पाहिजे. मोठमोठे शब्द टाकून वेळ मारून नेली, तर पुन्हा विचारा.

वयाचं म्हणाल, तर तुमची शंका मी उडवून लावणार नाही. अनुभवाने फरक पडतो. पण लग्न झालेलं नाही म्हणून तिला तुमचं दुःख कळणार नाही, हे मला पटत नाही. तुम्ही नाशिकच्या आहात, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी पाहिली असेल. छाटणीला येणाऱ्या टोळीतल्या किती जणांची स्वतःची बाग असते? तरी काडीवरचा कोणता डोळा ठेवायचा आणि कुठे कात्री लावायची, हे त्यांना बागायतदारापेक्षा जास्त कळतं, कारण त्यांनी हजारो वेली हाताखालून घातलेल्या असतात. तिचा संसार झालाय का, यापेक्षा हे विचारा: ‘अडलं तर तुम्ही कोणाचा सल्ला घेता?’ तरुण सायकॉलॉजिस्टच्या मागे कोणी वरिष्ठ असेल, नाव न सांगता ती त्यांच्याशी केसबद्दल बोलत असेल, तर माझ्या मते ती एकट्याने, कोणालाही न विचारता वीस वर्षं काम करणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाची.

सोमेश्वरला तिने ओळख दाखवली नाही, याचं तुम्हाला फार लागलेलं दिसतंय. ताई, तिने बरोबर केलं. तुमच्याबरोबर नवरा असेल, सासरचं कोणी असेल, आणि ‘या कोण?’ असं कोणी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? तुम्ही तिच्याकडे जाता, ही गोष्ट तुमची आहे. ती कोणाला सांगायची हे तुम्ही ठरवायचं, म्हणून आम्ही बाहेर कधी आधी हसत नाही. तुम्ही हसलात तर हसतो. नाशिक कितीही वाढलं तरी कॉलेज रोडवर दर रविवारी कोणीतरी ओळखीचं भेटतंच, त्यामुळे हा नियम आम्हाला इथे जरा जास्तच पाळावा लागतो. गुप्तता हा २०१७ च्या कायद्याने तुम्हाला दिलेला हक्क आहे. या गुप्ततेला अपवाद आहेत, कोणाच्या जिवाला धोका असणं हा त्यातला मुख्य, आणि ते अपवाद तिने तुम्हाला सुरुवातीलाच सांगायला हवेत.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. ‘माझ्याशी बोल’ हे ते प्रेमानेच म्हणत असणार, आणि बोलावंही त्यांच्याशी. पण ते तुमच्यावर जीव लावून आहेत, म्हणूनच तुम्ही ‘मला मरण्याची भीती वाटते’ म्हणालात की ते लगेच ‘काही होत नाही तुला’ म्हणणार. त्या वाक्यासमोर बसून राहायला त्यांना जमणार नाही, कोणाच्याच नवऱ्याला जमत नाही. त्यांना एखाद्या सेशनला बरोबर न्या, झटका आला तर त्यांनी काय करायचं आणि काय नाही, हे तिलाच समजावू द्या. पैशाची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. झटके फार वाढले, झोप-जेवण गेलं, घराबाहेर पडणंच थांबलं, तर मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवा. औषध आणि थेरपी बरोबरीने चालू शकतात. औषधाचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरायचा.

माइंड कोचकडे जाऊ नका. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण ‘तीन बैठकांत, हमीने’ हे शब्द माझ्यासाठी पुरेसे आहेत. हमी देता येत असती तर आम्ही सगळ्यांनीच दिली असती. तीन बैठकांनी बरं वाटलं नाही की अशा ठिकाणी दोष तुमच्यावर येतो, तुमचीच श्रद्धा कमी पडली म्हणून. तसे खचून आलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना पुन्हा कोणावर विश्वास ठेवायला लावणं हे मूळ आजारापेक्षा अवघड जातं.

सोडायचं कधी, तेही सांगते. नोंदणी विचारल्यावर टाळाटाळ केली, तुमच्या गोष्टी दुसऱ्या रुग्णांना सांगितल्याचं कळलं, सेशनमध्ये ती स्वतःचीच दुखणी सांगत बसली, तुम्हाला लाज वाटेल असं बोलली, तर त्याच दिवशी सोडा, कारण द्यायचीही गरज नाही. आणि असं काही नसेल, पण सहा-सात सेशनांनंतरही काय चाललंय ते उमगत नसेल, झटक्यांमध्ये काहीच फरक नसेल, तर तिला तसं सांगून दुसऱ्या कोणाचं नाव मागा. चांगली सायकॉलॉजिस्ट ते नाव देते. मीही दिलेली आहेत. तुमची मात्र आत्ता तीनच झालीत.

राहता राहिला राग. तिने वडिलांचं विचारलं आणि तुम्हाला राग आला. माझ्याकडे तुमचं हस्ताक्षरातलं पत्र आहे. द्वारका चौकाबद्दल तुम्ही पहिल्या पानावर भरभरून लिहिलंय, आणि वडिलांकडे निघाल्यावर त्याच चौकात अडकल्याचं दुसऱ्या पानाच्या तळाशी, लहान अक्षरात, कंसात. तो उशीर आणि ही धडधड यांचा संबंध आहे की नाही, मला माहीत नाही. असेलच असं नाही. पण ते शोधायची जागा गंगापूर रोडची ती खोली आहे, आणि विचारणारी मुलगी बरोबर दारापाशी उभी आहे, असं मला वाटतं. तिला सांगा की तुम्ही विचारलंत तेव्हा मला राग आला. ते ऐकून ती रागावणार नाही. आजच तो विषय नको असेल तर तसंही सांगा, ती थांबेल.

पुढच्या सेशनला या पत्राची प्रत घेऊन जा. नोंदणी, पद्धत, वरिष्ठ, सगळे प्रश्न त्यात आहेत, पाठ करायला नकोत. आणि बोलताना अवघडलात, प्रश्न राहून गेले, तरी काही बिघडत नाही. तुमच्या पत्रातली ती कंसातली ओळ तेवढी तिला वाचून दाखवा.